दोन गिटारवादक आणि एक बोट

मला गिटार वाजवता येत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण बुलडाण्यातल्या माझ्या दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच म्हणतं, "काका, जरा वाजवून दाखवा ना." मी सहा तारा एकेक करून छेडतो, मधल्या बाराव्या पट्टीवर सूर तपासतो आणि गिटार परत देतो. त्यापुढे माझा हात चालत नाही. मी मुळात पेटी दुरुस्त करणारा माणूस. भात्याला चामडं चिकटवायचं, पितळेचे सूर, म्हणजे आतल्या पात्या, कानसून जागेवर आणायचे, ही माझी विद्या. गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्यांवर माझा संसार चालला. पुढे कॉलेजची पोरं काळ्या-लाल इलेक्ट्रिक गिटारी खांद्याला लटकवून फिरू लागली. त्या उघडून बघणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. पहिली गिटार मी भीतभीतच उघडली. आत फार काही नव्हतं. चार वायरी, दोन चुंबकं आणि दांडीच्या पोटात एक लोखंडी सळी.

ती सळी फिरवून दांडीचा बाक कमीजास्त करता येतो, हे समजायला मला दोन गिटारी वाया घालवाव्या लागल्या. दोन्ही माझ्याच होत्या, जुन्या बाजारातून आणलेल्या, म्हणून कोणी ओरडलं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड इतकं आटतं की दांडीच्या कडेला धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येतात आणि वाजवणाऱ्याचा तळवा खरचटतो. पावसाळ्यात तीच दांडी फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि दाबताना बोटं दुखतात. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये माझं दुकान दवाखान्यासारखं भरतं. खामगावच्या एका गृहस्थांनी तर गिटारला सायकलच्या ब्रेकची तार लावून आणली होती. म्हणाले, "आवाज कमी आला तरी चालते, पण तुटली नाही पायजे." ती खरंच तुटली नव्हती. दांडी मात्र धनुष्यासारखी वाकली होती.

वाजवता येत नसलं तरी हळूहळू मला एक गोष्ट कळायला लागली. दांडीवरच्या त्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. वाजवणारा तार या फ्रेटवर दाबतो आणि वर्षानुवर्षांच्या दाबण्यानं फ्रेट झिजतं. ते कुठे झिजलं, कसं झिजलं, हे भिंगातून पाहिलं की माणसाचा हात कळतो. जोडे दुरुस्त करणाऱ्याला टाच पाहून चाल कळते, तसंच.

रॉक वाजवणाऱ्यांचा हात तर फारच बोलका. काही जण प्रत्येक सुराला पिक मारतात. पिक म्हणजे उजव्या हातातली प्लॅस्टिकची चपटी नखी. खाली-वर, खाली-वर, शिलाई मशीनच्या सुईसारखी ती चालते. अशांच्या फ्रेटवर तारेच्या बरोबर खाली बारीक, सरळ खाच पडते आणि गिटारच्या अंगावर पिकचे ओरखडे दिसतात. काही जण उजव्या हातानं एकदाच तार छेडतात आणि पुढचे सहा-सात सूर डाव्या हाताच्या बोटांनी ठोकून, उपटून काढतात. आवाज तेलाच्या धारेसारखा अखंड. त्यांच्या फ्रेटवर जवळजवळ काहीच दिसत नाही, ते मांजरीच्या पावलानं चालतात. आणि काही जण तार ओढणारे. सूर दाबायचा आणि तार आडवी ढकलत न्यायची, म्हणजे सूर चढत जातो. सतारवाले ज्याला मींड म्हणतात तीच ही. त्यांच्या फ्रेटचा माथा आडवा घासून आरशासारखा चकाकतो. याशिवाय दोन्ही हातांची बोटं दांडीवर आणून टायपिंग केल्यासारखं वाजवणारे आहेत. त्यांच्या गिटारी माझ्याकडे येतात त्या बहुतेक पडून-आपटून, कारण वाजवताना ते उड्याही मारतात.

परदेशातल्या मोठ्या वादकांचे व्हिडिओ पोरं मला दाखवतात. त्यांची नावं इथे लिहीत नाही, एखादं चुकीचं लिहीन आणि पोरं दुकानात येऊन भांडतील. एक जण डोळ्याचं पातं लवायच्या आत वीस सूर वाजवतो आणि त्यातला एकही पुसट नसतो. दुसरा एकच सूर ओढून धरतो आणि त्यातच इतका कंप देतो की ऐकणाऱ्याला वाटतं, हा आता रडणार. 'कोण मोठा' यावरून माझ्या बाकड्यावर पोरांची मारामारी व्हायची बाकी राहते. मी म्हणतो, दोघांच्या गिटारी मला उघडायला द्या, मग सांगतो. पण खरं सांगायचं तर असा सवाल आपल्या जिल्ह्यातही होता, आणि त्या दोघांच्या गिटारी मीच उघडत होतो.

एक सौरभ. देऊळगाव राजाच्या कापड दुकानदाराचा मुलगा, तिशीला टेकलेला. जालन्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. ते सोडून त्यानं गिटारलाच वाहून घेतलं होतं. वडिलांनी तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलेलं. सौरभ पिकवाला. त्याचा वेग असा की सूर मोजता येत नसत, पण प्रत्येक सूर तांदळाच्या दाण्यासारखा सुटा. रोज सात-आठ तास मेट्रोनोमला, म्हणजे टिकटिक करणाऱ्या यंत्राला धरून सराव. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ हजारो लोक बघत. दर दोन महिन्यांनी तो बसनं बुलडाण्याला यायचा, गिटार पेटीतून काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "काका, अर्धा मिलिमीटर खाली घ्यायच्यात तारा." मला ते ऐकून छाती फुगल्यासारखं वाटायचं. जिल्ह्यातला सगळ्यात तेज हात, आणि तो माझ्या स्क्रू ड्रायव्हरवर विश्वास ठेवतो.

दुसरा दिगंबर. देऊळघाटचा, भाजीपाला पिकवणारा. सकाळी वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात टाकून येताना मोटरसायकलवर गिटार आणायचा, तीही खताच्या पोत्यात गुंडाळून. बोटं जाड, नखांत माती. हा ओढणारा. सौरभ एका मिनिटात जेवढे सूर वाजवायचा, तेवढे दिगंबरला संध्याकाळभर पुरले असते. पण त्याची तार चढत जायची तेव्हा समोरच्या दुकानातला माणूस हातातलं काम थांबवायचा. त्याची फ्रेटं मी तीनदा बदलली. एकदा मी विचारलं, "दिगंबर, इतकी कशाला ओढतो रे तार?"

"अशोकभाऊ, सूर खाली पडेल असते. त्याले वर नाही न्यायचं काय?"

मार्च महिन्यात सौरभ ठरलेल्या वेळेच्या आधीच आला. म्हणाला, "काका, पाचव्या-सातव्या फ्रेटला काहीतरी अडकायलंय. बोट पोचंनाच झालंय." मी सगळं तपासलं. फ्रेट सरळ, दांडी सरळ, तारांची उंची त्यानेच सांगितलेली. मी त्याला वाजवायला सांगितलं आणि भिंग न लावताच मला दिसलं. डाव्या हाताचं तिसरं बोट, करंगळीशेजारचं, तारेकडे जायच्या ऐवजी तळव्याकडे वळत होतं. हळूच, एखाद्यानं आतून दोरी ओढल्यासारखं. तो ते सरळ करायचा, ते पुन्हा मुडपायचं.

"दुखतं का?"

"अजिबात नाही."

मी काय बोलायला हवं होतं, ते आज मला माहीत आहे. तेव्हा मी म्हणालो, "तारा जरा जड पडतायत तुला. बारीक लावून देतो."

माझी बायको शोभा आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झालेली. मेहकर तालुक्यातली. दुकान घराच्या पुढच्या खोलीत असल्यामुळे गिऱ्हाइकाला चहा तीच आणते. त्या दिवशी सौरभनं चहाचा कप डाव्या हातानं उचलला, व्यवस्थित प्यायला, पिशवीची गाठ बांधली. तो गेल्यावर ती म्हणाली, "त्याचं बोट पाह्यलं तुमी? कप धरतानी सरळ होतं. गिटार धरली की वाकडं. तुमचं काम नाही हे. डॉक्टरले दाखव म्हना त्याले."

मी म्हटलं, "थकला असेल. आठ तास वाजवतो."

"मंग तेच तर सांगून राह्यली मी," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

त्यानंतर तो एप्रिलमध्ये आला, जूनमध्ये आला, ऑगस्टमध्ये दोनदा आला. मी तारा अजून बारीक केल्या. तारा बसतात ती वरची खाच खोल केली. दांडीच्या मागचा रंग घासून गुळगुळीत केला. प्रत्येक वेळी त्याला आठवडाभर बरं वाटायचं, कारण नवी गिटार हातात आल्यासारखं वाटायचं, आणि त्या आठवड्यात तो सराव वाढवायचा. आठाचे दहा तास झाले. बोट मात्र आणखी मुडपत गेलं. पुढे त्यानं ते बोट वापरणंच सोडलं. आपल्या तुकड्यांची, म्हणजे वाजवायच्या रचनांची, बोटं नव्यानं बसवली, पहिलं, दुसरं आणि करंगळी. वेग इतका की बघणाऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं, कारण त्याच्या फ्रेटवर तिसऱ्या बोटाच्या जागी नवी खाच पडेनाशी झाली होती.

मी का बोललो नाही? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर भीती. मी पेटीवाला. माझं चुकलं आणि उगाच त्याच्या डोक्यात खूळ भरलं तर? नोकरी सोडलेला, बापाशी अबोला धरून बसलेला माणूस तो. दुसरं कारण लिहायला लाज वाटते. दोष गिटारीत नाही म्हटलं असतं तर तो माझ्याकडे कशाला आला असता? तो आला की मला आनंद व्हायचा. रात्री जेवताना शोभा काही बोलली नाही तरी मला वाटायचं, आता बोलेल.

तशातच बुलडाण्यातल्या एका मंडळानं डिसेंबरात रॉक गिटारची स्पर्धा ठेवली. तीन परीक्षक ठरले. अकोल्याचे एक कीबोर्डवादक, एका शाळेच्या संगीत शिक्षिका आणि मी. मी म्हणालो, "मला वाजवता येत नाही." मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पण काका, सगळ्यांच्या गिटारी तुम्हालाच माहीत." या वाक्यानं मी भुललो. सप्टेंबरातल्या बैठकीत मीच एक कल्पना मांडली. शेवटच्या फेरीत जे दोघे उरतील त्यांनी एकमेकांचा तुकडा वाजवायचा. म्हणजे हातांची तुलना होईल, कोण कसा वाजवतो ते लोकांना कळेल. सगळ्यांना कल्पना पसंत पडली. पत्रकं छापली गेली. शेवटी सौरभ आणि दिगंबरच उरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी येऊन चप्पल काढताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिगंबरचा तुकडा म्हणजे ओढीचा तुकडा. तार ओढायची तर तिसरंच बोट लागतं. ते तारेवर ठेवून मागून दुसऱ्या दोन बोटांचा टेकू द्यायचा असतो, एवढी ती तार जड जाते. सौरभ आपल्या वेगात तिसरं बोट लपवू शकत होता. दिगंबरच्या संथ सुरात ते लपवायला जागाच नव्हती.

अध्यक्षांना फोन केला. ती फेरी काढून टाका म्हटलं. ते हसले. "काका, तुमचीच आयडिया, लोक तेच बघायला येणार आहेत." मग सौरभला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेवटी म्हणालो, "तिसरी फेरी झेपेल ना?"

 मग तो म्हणाला, "तुम्ही फक्त गिटार नीट लावून द्या काका. बाकी मी बघतो." त्याच्या आवाजात विनंती होती. त्यालाही माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. तरीही मी म्हणालो, "ठीक आहे, आदल्या दिवशी घेऊन ये."

स्पर्धा रविवारी दुपारी, एका मंगल कार्यालयात. नवरा-नवरीच्या सिंहासनाच्या जागी ड्रम मांडलेले. खुर्च्या भरून पोरं भिंतीला टेकून उभी. सौरभचे वडील शेवटच्या रांगेत बसलेले दिसले. ते येतील असं सौरभलाही वाटलं नसावं. माझ्यासमोर गुणांचा कागद होता, त्याच्या कडा मी घामानं ओल्या केल्या.

पहिल्या दोन फेऱ्यांत सौरभनं सभागृह डोक्यावर घेतलं. अकोल्याचे परीक्षक माझ्या कानात म्हणाले, "मशीन आहे हा माणूस." मी त्याच्या डाव्या हाताकडेच बघत होतो. बाकीची बोटं पळत होती आणि तिसरं आत दुमडून बसलं होतं, थंडीत पाय पोटाशी घेतल्यासारखं. दिगंबरनं आपलं तेच केलं. पाच-सहा सूर, पण शेवटचा सूर चढायला लागला तेव्हा मागची पोरं गप्प झाली.

तिसरी फेरी. आधी दिगंबरनं सौरभचा तुकडा वाजवला. वाजवला म्हणजे त्यातले निम्मे सूर सोडून दिले, उरलेल्यांना आपल्या पद्धतीनं ओढलं. लोक हसले, टाळ्याही पडल्या. तोही हसला.

मग सौरभ. सुरुवातीचे चार सूर नीट आले. पाचवा सूर ओढून वर न्यायचा होता. त्यानं तिसरं बोट तारेवर ठेवलं. मला माझ्या जागेवरून दिसलं, बोट तारेवरून सुटून तळव्यात शिरलं. तार कण्हल्यासारखी वाजली. त्यानं पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं मधल्या बोटानं तार ढकलली, सूर अर्ध्या वाटेवर चढला आणि तिथेच बेसूर होऊन थांबला. ड्रमवाला एकटाच ठेका देत राहिला.  मी उठायला लागलो, पण उठून काय करणार होतो ते मलाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात दिगंबरची तार वाजली. तो बाजूला गिटार गळ्यात घेऊन उभाच होता. सौरभचा सूर जिथे अडकला होता तिथूनच त्यानं उचलला आणि वर नेऊन ठेवला. धरून ठेवला. सौरभनं डावा हात खाली सोडला. दिगंबरनं तुकडा पुरा केला तेव्हा सौरभ नुसता उजव्या हातानं मोकळ्या तारा छेडून त्याला साथ देत होता.

लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. टाळ्या थांबेनात. अकोल्याचे परीक्षक म्हणाले, "वा, काय जुगलबंदी!" संगीत शिक्षिकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना शंका आली असावी. मी गुणांचा कागद कोराच दिला. माझी तब्येत बरी नाही, एवढंच सांगितलं. उरलेल्या दोन परीक्षकांच्या गुणांवर दिगंबर पहिला आला. बक्षीस म्हणून अॅम्प्लिफायर मिळाला.

बाहेर तो मोटरसायकलला अॅम्प्लिफायर दोरीनं बांधत होता. मी अभिनंदन करायला गेलो. त्यानं दोरीची गाठ पक्की केली आणि मान वर न करताच विचारलं, "भाऊ, त्याचं बोट मुडपून राह्यलं. तुमाले मालूम होतं काय?"

"हो."

"कवापासून?"

"मार्चपासून."

तो सरळ उभा राहिला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस, नेहमी अदबीनं बोलणारा. म्हणाला, "आमच्या गावात कोणाचं ढोर लंगडलं तरी शेजारचा सांगून जाते." आणि किक मारून निघून गेला.

त्या रात्री शोभाला सगळं सांगितलं. तिनं मला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी बी येते."

देऊळगाव राजाच्या बसमध्ये मी तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा मोडलं. सौरभ दुकानातच होता, कापडाचे गठ्ठे लावत होता. हातात कापड असताना बोट अगदी सरळ. त्याचे वडील गल्ल्यावर. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाले, "बरं झालं आलात. सुटलं म्हणायचं का आता हे येड?"

मी सौरभकडे बघून बोललो. "गिटारीत कधीच काही दोष नव्हता. पहिल्या दिवशी मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

त्यानं हातातल्या कापडाची घडी घातली. मग अगदी शांतपणे विचारलं, "मग तारा कशाला बदलल्या काका?"

 तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वडील गल्ल्यावरून उठून आले होते. त्यांना काही कळेना. शोभानं त्यांना बाजूला घेतलं आणि साध्या शब्दांत समजावलं की पोराच्या हाताला काहीतरी झालंय, वेड नाही, आळस नाही. त्या माणसाचा चेहरा बदलताना मी पाहिला. त्यांनी मुलाचा डावा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकांसमोर. "कधीपासून रे? मला काऊन नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. सौरभ रडला तो तेव्हा.

चार दिवसांनी ते बापलेक आणि शोभा छत्रपती संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी फोनवरच गिटार सोबत आणायला सांगितलं होतं. तपासण्या झाल्या, मग त्यांनी वाजवून घेतलं. नंतर समजावलं ते शोभानं मला जसंच्या तसं सांगितलं. हाडात, नसेत बिघाड नाही. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षं, लाखो वेळा केली की काहींच्या मेंदूत शेजारच्या बोटांच्या हद्दी एकमेकांत मिसळतात. हुकूम एकाला दिला की दुसरंही हलतं. गिटारपुरतंच होतं, म्हणून कप धरता येतो. सौरभनं विचारलं, "अजून सराव केला तर?"

डॉक्टर म्हणाले, "जितका हट्टानं सराव कराल तितकं ते घट्ट होईल. आधी थांबा. नंतर अगदी सावकाश, नव्यानं शिकवावं लागेल हाताला. सुधारतं काहींचं. पहिल्यासारखं होईलच, असं मी सांगणार नाही."

हे ऐकून मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. मार्च ते डिसेंबर. माझ्या प्रत्येक बारीक तारेनं त्याला आठवडाभराचा धीर दिला होता आणि त्या धीरानं तो दहा तास बसला होता. शोभा म्हणाली, मार्चात गेला असता तरी हेच निघालं असतं कदाचित. कदाचित. या शब्दावर मी अजूनही झोपतो आणि उठतो.

सौरभ मग बरेच महिने आला नाही. फोन करायचं धाडस मला झालं नाही. देऊळगाव राजाची बस स्टँडवर लागली की उतरणाऱ्यांत मी त्याला शोधायचो. बातम्या दिगंबरकडून मिळायच्या. सौरभ वडिलांच्या दुकानात बसतोय. गिटार कपाटात ठेवलीय. मग एकदा, सौरभ देऊळघाटला येऊन गेला. मग, दर रविवारी येतो. "काय करता रे तुम्ही दोघं?" मी विचारलं. दिगंबर म्हणाला, "काही नाही. तो बसते, मी वाजवतो. त्याले ऐकायचं असते. कधी वांगे तोडू लागते."

पुढच्या दसऱ्यानंतर सौरभ दुकानात आला. गिटार पेटीतून काढली, पांढऱ्या फडक्यावर ठेवली.

"काका, ही उलटी करून द्या."

"म्हणजे?"

"डावखुऱ्याची. उजव्या हातानं दाबणार, डाव्या हातानं पिक मारणार. डॉक्टरांना विचारलंय. घाई केली नाही तर हरकत नाही म्हणाले."

तीस वर्षांच्या माणसानं दोन्ही हातांची अदलाबदल करायची म्हणजे उजव्यानं लिहिणाऱ्यानं डाव्या हातानं बाराखडी गिरवण्यासारखं. मी त्याला ते सांगितलं. लपवलं नाही. "वर्षभरानं तुला साधं गाणं येईल. तो वेग कदाचित कधीच येणार नाही."

"मला माहितंय."

उलटी गिटार करायला मला पंधरा दिवस लागले. वरच्या टोकाला तारा ज्या हाडाच्या तुकड्यावर बसतात, त्यातल्या खाचा जाड-बारीक तारांच्या मापानं वेगळ्या असतात. तो तुकडा काढून मी नवा घडवला, चारदा बिघडवून पाचव्यांदा. खाली तारा ज्यावर टेकतात तो पूल फिरवला. पट्टा अडकवायचा खिळा दुसऱ्या बाजूला घेतला. आयुष्यात मी इतकं भीतभीत काम केलं नाही, पहिली गिटार उघडली तेव्हाही नाही.

तो न्यायला आला त्या दिवशी दुकानात कोणी नव्हतं. बाकड्यावर बसून त्यानं गिटार उलट्या बाजूनं मांडीवर घेतली. अवघडलेला, नवशिक्यासारखा. पिक दोनदा हातातून पडली. मग त्यानं दिगंबरच्या तुकड्यातला एक सूर धरला, उजव्या हाताचं तिसरं बोट तारेवर ठेवून ओढायला लागला. बोट सरळ होतं. पण तार घरघरली, सूर अर्ध्यातच विझला. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा घरघर. त्यानं थांबून माझ्याकडे पाहिलं. 

माझा हात सवयीनं स्क्रू ड्रायव्हरकडे गेला होता. तारेची उंची पाव फेऱ्यानं वाढवली असती तर घरघर त्या दिवसापुरती गेली असती. मी हात मागे घेतला.

"तार बरोबर आहे," मी म्हणालो. "तूच कमी दाबतोयस."

सौरभनं मान हलवली, बोट थोडं पुढे सरकवलं आणि पुन्हा ओढायला लागला.